मार्टिन ल्यूथर आणि नियमशास्त्राचें प्रयोजन

कायद्यानें मनुष्याचे हात बांधतां येतात. त्याचें मन पालटतां येतें कीं नाहीं, हा प्रश्न कायद्याइतकाच जुना आहे. वकील, न्यायाधीश व कायदे करणारे मुत्सद्दी यांना रोजच्या कामाच्या धांदलींत तो आठवत नाहीं. पण धर्मशास्त्राला तो टाळतां येत नाहीं. कारण धर्मशास्त्र चोरी करूं नको एवढें सांगून थांबत नाहीं; दुसऱ्याच्या वस्तूचा लोभहि धरूं नको असें तें सांगतें, आणि लोभाला पकडणारा शिपाई अद्याप कोणत्याहि सरकारनें नेमलेला नाहीं. मग जी आज्ञा मनुष्याच्यानें पुरतेपणीं पाळवत नाहीं, ती ईश्वरानें दिली तरी कशासाठीं? ख्रिस्ती धर्मांत या प्रश्नाचा मोठा खल झालेला आहे. ज्या एका पुरुषाच्या आयुष्यांत तो नुसता वादाचा विषय न राहतां जीवनमरणाचा प्रश्न झाला, त्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तो पुरुष म्हणजे जर्मनीचा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर होय. पोपला आव्हान देणारा वीर म्हणून त्याचें नांव बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु तें आव्हान ज्या कोड्यांतून निघालें तें कोडें नियमशास्त्राचें होतें, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं.

ल्यूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजीं जर्मनींतील ऐस्लेबेन या गांवीं झाला. बाप हान्स हा शेतकरी कुळांतला. मान्सफेल्ड येथें तांब्याच्या खाणींच्या व भट्ट्यांच्या धंद्यांत त्यानें कष्टानें चार पैसे मिळविले होते. मुलानें कायदा शिकावा, एखाद्या राजाच्या दरबारीं मोठ्या पदास चढावें व कुळाचें नांव करावें, अशी त्याची इच्छा होती. १५०१ सालीं मुलगा एरफुर्टच्या विद्यापीठांत दाखल झाला, १५०५ च्या प्रारंभीं एम्. ए. झाला, आणि बापाच्या इच्छेप्रमाणें त्यानें कायद्याच्या अभ्यासास हात घातला. हा अभ्यास कांहीं आठवडेच टिकला. २ जुलै १५०५ रोजीं घरून एरफुर्टास परत येत असतां स्टोटर्नहाइम गांवाजवळ तो वादळांत सांपडला. जवळच वीज कोसळली. आणि त्या धास्तीनें संत ॲनेचा धांवा करून आपण संन्यास घेऊं असा नवस त्यानें बोलून टाकला. तो नवस त्यानें पंधरा दिवसांत फेडला. १७ जुलै रोजीं तो एरफुर्टच्या ऑगस्टीनपंथी मठांत शिरला. बाप संतापला, स्नेही हळहळले; पण मुलगा परतला नाहीं. त्याला मरणापेक्षां मरणानंतरच्या न्यायासनाचें भय अधिक वाटत होतें. लौकिक न्यायालयाचा मार्ग सोडून तो त्याहून कडक न्यायालयापुढें जाऊन उभा राहिला, असेंच म्हटलें पाहिजे.

मठांतील आयुष्य नियमांनीं बांधलेलें होतें. ठराविक वेळच्या प्रार्थना, उपवास, जागरणें, आणि गुरूपुढें वारंवार पापनिवेदन. हे सर्व नियम ल्यूथर इतरांहून अधिक कसोशीनें पाळी. एकेकदां त्याचें पापनिवेदन सहा सहा तास चाले, असें तो पुढें सांगत असे. त्याचा वडील गुरु योहान फॉन स्टाउपिट्स हा मायाळू व विचारी गृहस्थ होता. पण या शिष्यापुढें त्याचेंहि कांहीं चालेना. वकिली भाषेंत सांगावयाचें तर, हा आरोपी असा होता कीं, फिर्यादीनें न मांडलेले आरोपहि तो स्वतःच मांडी, आणि एका आरोपांतून सुटला कीं दुसरा घेऊन पुन्हां उभा राही. याचें कारण त्याच्या दुबळ्या प्रकृतींत शोधण्याची कित्येकांना हौस आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यानें आज्ञा जशी लिहिली आहे तशी खरी मानली, एवढाच त्याचा अपराध. देवावर सर्व मनानें प्रीति करावी अशी ती आज्ञा आहे. भयानें गुडघे टेकतां येतात, भयानें उपास करतां येतो. पण भयानें प्रीति कशी करतां येईल? जितका तो अधिक धडपडे तितका त्या न्यायाधीशाविषयींचा त्याच्या मनांतला राग वाढत जाई, आणि तो राग हेंच सर्वांत मोठें पाप आहे हें त्याला दिसे. नियम पाळण्याच्या प्रयत्नांतूनच नियमभंग उत्पन्न होत होता.

येथें थोडें थांबून हें नियमशास्त्र म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. यहुदी लोकांच्या समजुतीप्रमाणें इजिप्तमधील दास्यांतून सुटका झाल्यावर सीनाय पर्वतावर मोशेच्या हातीं ईश्वरानें आपल्या लोकांस नियम दिले. त्यांत दहा आज्ञा मुख्य. पण बायबलाच्या पहिल्या पांच ग्रंथांतील सर्व विधिनिषेध मोजून यहुदी शास्त्र्यांनीं ६१३ ही संख्या ठरविलेली आहे. त्यांत नीति आहे, यज्ञयाग आहेत, खाण्यापिण्याचे निर्बंध आहेत, आणि वारसा, कर्ज, गुलाम व जखमेची भरपाई यांचे दिवाणी-फौजदारी कायदेहि आहेत. येशूच्या पश्चात् यहुदी नसलेले लोक ख्रिस्ती मंडळींत येऊं लागले तेव्हां त्यांनीं सुंता करून घेऊन हें सर्व शास्त्र पाळावें कीं नाहीं असा वाद उपस्थित झाला. पौल हा स्वतः नियमशास्त्रांत मुरलेला यहुदी. त्यानें गलती व रोम येथील मंडळ्यांस लिहिलेल्या पत्रांत असा निकाल दिला कीं, मनुष्य ईश्वरापुढें नीतिमान ठरतो तो नियमांच्या आचरणानें नव्हे, ख्रिस्तावरील विश्वासानें. मग नियमशास्त्र फुकट गेलें काय? तसेंहि नाहीं. श्रीमंताच्या घरचा विश्वासू दास जसा लहान मुलाचा हात धरून त्याला शिस्तींत ठेवतो, तसें नियमशास्त्र हें ख्रिस्त येईपर्यंतचें रक्षक होतें, असा पौलाच्या दृष्टांताचा भाव आहे. पुढें शतकानुशतकें या विचाराभोंवतीं मठ, व्रतें, प्रायश्चित्तें व धर्मन्यायालयें यांची मोठी इमारत उभी राहिली. कृपा प्रथम हें सर्व पंडित तोंडानें सांगत. पण सामान्य माणसाच्या हातीं पडे ती पुण्यपापाची खातेवही.

१५१२ सालीं ल्यूथर धर्मशास्त्राचा डॉक्टर झाला आणि विटेनबेर्गच्या नव्या विद्यापीठांत बायबल शिकवूं लागला. स्तोत्रें, मग १५१५ पासून रोमकरांस पत्र, त्यानंतर गलतीकरांस पत्र, अशीं व्याख्यानें देतां देतां त्याचें कोडें सुटत गेलें. ईश्वराचें नीतिमत्त्व हा शब्द त्याला आजवर शिक्षा करणाऱ्या न्यायाधीशाचा शब्द वाटे. आतां त्याला दिसलें कीं, ज्या नीतिमत्त्वानें ईश्वर पापी मनुष्याला पदरांत घेतो व निर्दोष ठरवितो, तें हें नीतिमत्त्व. नीतिमान ठरविणें हा शब्दच मुळीं न्यायालयांतला आहे. आमच्या न्यायालयांत अपराध कबूल केलेल्या आरोपीस एखाद्या न्यायाधीशानें निर्दोष म्हणून सोडलें तर त्या न्यायाधीशाची नोकरी जाईल. ख्रिस्ती तारणाच्या कल्पनेंत मात्र अपराध नाकारलेला नाहीं, शिक्षाहि माफ केलेली नाहीं. ती ख्रिस्तानें आपल्या अंगावर घेतली आहे, आणि त्याचें नीतिमत्त्व विश्वास ठेवणाऱ्याच्या नांवें जमा झालें आहे, असा सिद्धान्त आहे. तो कोणास पटो वा न पटो. त्याची तर्कसंगति मात्र नीट समजून घेतली पाहिजे.

आतां नियमशास्त्राचें काम काय राहिलें? ल्यूथरनें तें दोन प्रकारचें सांगितलें. पहिलें काम कुंपणाचें. दुष्टानें दुर्बलाचा जीव घेऊं नये, शेजाऱ्याचें घर लुटूं नये, म्हणून राजाच्या हातीं दंड दिलेला आहे; यानें कोणी साधु होत नाहीं, पण जग चालतें. दुसरें व खरें काम आरशाचें. आरसा तोंड धूत नाहीं. तोंडाला काय लागलें आहे तें दाखवितो. आज्ञा ऐकून मनुष्याला आपली खरी अवस्था कळावी, आपल्या सद्गुणांचा ताठा मोडावा, आणि त्यानें कृपेसाठीं हात पसरावा, एवढ्यासाठीं ती आहे. आरशानेंच तोंड पुसूं पाहणारा मनुष्य आरसा मळवितो आणि तोंडहि तसेंच राहतें. मठांत आपण इतकीं वर्षें हेंच केलें, असें ल्यूथरला वाटलें.

३१ ऑक्टोबर १५१७ च्या पंचाण्णव प्रमेयांचा अर्थ या प्रकाशांत नीट लागतो. रोम येथील संत पीटरच्या देवालयासाठीं पैसा उभारण्याकरितां क्षमापत्रें विकलीं जात होतीं, आणि माइन्त्सचा आर्चबिशप आल्ब्रेख्त यानें अधिकारपद मिळवितांना फुग्गर सावकाराचें काढलेलें कर्जहि त्याच विक्रींतून फिटत होतें. ल्यूथरनें पाप सोपें केलें असें त्याचे विरोधक म्हणत आले. पण त्याची पहिली तक्रार नेमकी उलट होती. क्षमापत्र विकत घेणारा मनुष्य आरशांत न पाहतांच घरीं जातो, आणि पश्चात्ताप जो जन्मभर चालावयाचा तो पावतींत संपतो, हें त्याला सहन झालें नाहीं. पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. १५२० सालीं पोपचें धमकीचें आज्ञापत्र आलें; १० डिसेंबर रोजीं विटेनबेर्गच्या वेशीबाहेर ल्यूथरनें तें आगींत टाकलें, आणि त्याच आगींत पोपच्या धर्मसत्तेचे कायदेग्रंथहि जाळण्यांत आले. पुस्तकें जाळणें आम्हांस कधींहि प्रशस्त वाटणार नाहीं. परंतु एकदां कायद्याचा विद्यार्थी असलेल्या या मनुष्यानें कोणतीं पुस्तकें निवडलीं तें लक्ष्यांत घेण्यासारखें आहे. ईश्वराचा कायदा त्यानें जाळला नाहीं. मनुष्यांनीं केलेले जे नियम तारणाची अट म्हणून सांगितले जात होते ते जाळले. जानेवारी १५२१ मध्यें तो बहिष्कृत झाला. एप्रिलमध्यें वर्म्स येथें बादशहा पांचवा चार्ल्स याच्या समक्ष आपले ग्रंथ मागें घेण्यास त्यानें नकार दिला. आणि वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपून राहिला असतां थोड्या आठवड्यांत नव्या कराराचें जर्मन भाषांतर करून काढलें. तें १५२२ च्या सप्टेंबरांत छापून निघालें.

कर्मानें तारण नाहीं तर मनुष्यानें सत्कर्म करावें कशाला, हा आक्षेप ओघानेंच आला. १५२० च्या ख्रिस्ती स्वातंत्र्यावरील निबंधांत ल्यूथरनें त्याला उत्तर दिलें. चांगलें फळ झाडाला चांगलें करीत नाहीं. चांगल्या झाडाला चांगलें फळ येतें. ज्याला आपल्या सुटकेची काळजी उरली नाहीं त्याचे हात शेजाऱ्याच्या कामासाठीं मोकळे झाले; स्वर्गाच्या लोभानें केलेल्या दानांत याचकापेक्षां दात्याचाच विचार अधिक असतो. मोशेच्या कायद्याविषयींचें त्याचें मत तर कोणत्याहि कायदेपंडितास विचार करावयास लावील. बायबलांत आहे म्हणून मोशेचें दिवाणी-फौजदारी शास्त्र जर्मन राज्यांत लागू करा असा कित्येक उत्साही उपदेशकांचा आग्रह होता. ल्यूथरनें सांगितलें कीं, सॅक्सन लोकांची जशी एक स्मृति आहे तशी मोशेची ही यहुदी लोकांची स्मृति होय. तींतलें जें सर्व मनुष्यांच्या हृदयावर लिहिलेलें आहे तें सर्वांना बंधनकारक, बाकीचें त्या राष्ट्रापुरतें. एखादें वचन पवित्र ग्रंथांत आहे एवढें पुरत नाहीं. तें कोणाला व कोणत्या प्रसंगीं उद्देशून आहे तेंहि पाहिलें पाहिजे, हा विवेक त्यानें शिकविला.

तरीहि १५२९ सालीं मुलांसाठीं व खेडोपाडींच्या उपदेशकांसाठीं त्यानें धर्मशिक्षणाचीं पुस्तकें लिहिलीं तेव्हां दहा आज्ञांना अग्रस्थान दिलें. त्यापूर्वीं सॅक्सनींतील गांवोगांवच्या मंडळ्यांची पाहणी झाली होती, आणि स्वातंत्र्याचें नांव घेऊन लोक शिस्त तेवढी विसरले आहेत असें आढळून आलें होतें. पुढें त्याच्याच गांवचा, त्याचाच शिष्य योहान आग्रिकोला असें शिकवूं लागला कीं, ख्रिस्ती मंडळींत नियमशास्त्राचा उपदेशच नको. पश्चात्ताप शुभवर्तमानांतूनच उपजतो. मोशेची जागा कचेरींत, देवालयांत नव्हे. वरवर पाहतां ही ल्यूथरच्याच शिकवणीची पुढची पायरी वाटते. ल्यूथरनें मात्र १५३७ पासून एकामागून एक वादसभा घेऊन या मताचा विरोध केला. जो मनुष्य आजारी आहे हें कळलेंच नाहीं तो वैद्याकडे कशाला जाईल, असा त्याच्या युक्तिवादाचा गाभा होता. नियमशास्त्र तारीत नाहीं हें खरें. पण तें काढून टाकलें तर कृपा या शब्दालाच अर्थ उरत नाहीं. १५४० सालीं आग्रिकोला बर्लिनला निघून गेला.

येथपर्यंतचा ल्यूथर आदरास पात्र आहे. पण चरित्रकारानें वकीलपत्र घेऊं नये. १५२५ सालीं दक्षिण व मध्य जर्मनींतील शेतकरी भूदास्याविरुद्ध उठले. आपल्या बारा मागण्यांत त्यांनीं शुभवर्तमानाचाच आधार घेतला. ल्यूथरनें प्रथम राजेरजवाड्यांनाहि दोष दिला. परंतु बंड भडकतांच राजांनीं बंडखोरांस निर्दयपणें मारावें असें पत्रक त्यानें काढलें. मे महिन्यांत फ्रांकेनहाउसेन येथें शेतकऱ्यांची कत्तल झाली. शुभवर्तमान म्हणजे राजकीय सनद नव्हे असें त्याचें म्हणणें होतें. असेल, पण कुंपण दोन्ही बाजूंनीं असावें लागतें, आणि धन्याच्या बाजूचें कुंपण मोडलेलें असतां कुळालाच तेवढें कायद्याचें स्मरण देणें हा न्याय नव्हे. हेस्सेचा राजा फिलिप याला पहिली बायको जिवंत असतां दुसरी करावयाची होती. साम्राज्याच्या कायद्यानें तो भारी अपराध. १५३९ च्या डिसेंबरांत ल्यूथरनें व त्याच्या सहकाऱ्यांनीं जुन्या करारांतील कुलपतींचा दाखला धरून गुप्त अनुमति दिली, आणि गोष्ट फुटल्यावर ती साफ नाकारण्याचा सल्ला दिला. सामर्थ्यवान् अशिलापुढें शास्त्रीबोवांचें शास्त्र कसें वांकतें, याचा हा नमुना आहे. तिसरी गोष्ट सर्वांत काळी. १५२३ सालीं यहुद्यांना माणुसकीनें वागवा असें लिहिणाऱ्या या मनुष्यानें १५४३ सालीं त्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळा, घरें पाडा, ग्रंथ हिरावून घ्या, असें लिहिलें. आणि विसाव्या शतकांत नाझींनीं त्या लिखाणाचा उपयोग केला. अमेरिकेंतील सर्वांत मोठ्या ल्यूथरपंथी मंडळीनें १९९४ सालीं त्या लिखाणाचा उघड धिक्कार केला.

विद्वानांनींहि त्याच्या सिद्धान्तास दुरुस्त्या सुचविल्या. मेलांख्थोन व कॅल्व्हिन यांनीं नियमशास्त्राचें तिसरें काम सांगितलें: विश्वास ठेवलेल्या मनुष्याला वाट दाखविणाऱ्या दिव्याचें. १५७७ सालीं ल्यूथरपंथानेंहि तें आपल्या मतपत्रांत मान्य केलें. रोमच्या मंडळीनें १५४७ सालीं ट्रेंटच्या परिषदेंत ल्यूथरमत त्याज्य ठरविलें होतें. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं ऑग्सबुर्ग येथें दोन्ही पक्षांनीं तारण कृपेनेंच होतें असें संयुक्त निवेदन केलें. ई. पी. सँडर्स या पंडितानें १९७७ सालीं दाखवून दिलें कीं, पौलाच्या काळचे यहुदी नियम पाळून ईश्वराची कृपा विकत घेत नव्हते. कृपेनें मिळालेल्या करारांत राहण्यासाठीं ते नियम पाळीत. म्हणजे ल्यूथरनें एरफुर्टच्या मठाचें चित्र यहुदी धर्मावर रंगविलें, असें म्हणावें लागतें. आणि त्या रंगविण्याची किंमत दुसऱ्यांनीं भरली.

१५४६ च्या जानेवारींत मान्सफेल्डच्या सरदारांमधील हक्कांचा जुना तंटा मिटविण्यासाठीं ल्यूथर कडाक्याच्या थंडींत ऐस्लेबेनला गेला. कायद्याचा अभ्यास सोडून चाळीस वर्षें झाली होतीं. शरीर थकलें होतें. वकिलांच्या घासाघिशीला तो कंटाळला होता. तरी तडजोड झाली, सह्या झाल्या, आणि १८ फेब्रुवारी रोजीं जन्मगांवींच त्याचें देहावसान झालें. ज्या कायद्यानें तारण होत नाहीं असें त्यानें आयुष्यभर सांगितलें, त्याच कायद्यानें शेजाऱ्याशेजाऱ्यांत शांतता नांदावी म्हणून त्याचे शेवटचे दिवस खर्ची पडले. यांत विसंगति नाहीं. कुंपण घालणें हें शेजाऱ्याच्या सेवेचेंच काम आहे.

या चरित्राचा बोध सुधारणेच्या कामांत पडलेल्या प्रत्येकानें घ्यावा. कायदा झाला म्हणजे समाज सुधारला असें मानणारा एक वर्ग आहे. आणि मनें पालटल्याशिवाय कायद्याचा उपयोग नाहीं म्हणून हात जोडून बसणारा दुसरा. पहिला आरशानें तोंड धूं पाहतो. दुसरा आरसा फोडून टाकतो. दुर्बलाचें रक्षण आजच झालें पाहिजे, त्यासाठीं कुंपण हवें. आणि मनुष्याचें अंतःकरण कुंपणानें बदलत नाहीं, हेंहि विसरतां कामा नये. ल्यूथरच्या यशावरून हें जितकें कळतें त्याहून अधिक त्याच्या चुकांवरून कळतें. शेतकरी, राजा आणि यहुदी या तिन्ही प्रकरणीं त्यानें आरसा दुसऱ्याकडे वळविला. स्वतः त्यांत पाहिलें नाहीं. धर्मसुधारक असो, कायदेमंडळाचा सभासद असो, कीं वर्तमानपत्राचा संपादक असो, आज्ञा सांगणाऱ्यावर ती प्रथम लागू होते. एवढें ज्याला उमगलें त्याच्या हातीं कायदा सुरक्षित आहे, असें आम्ही समजतों.